राब आधी, आवणी मागून

(ठाणे जिल्हा बैठकीत कल्याण येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत भाताची खरेदी आणि भूसंपादनाचा मोबदला हे दोन विषय आधीच ठरलेले होते. तिसरा विषय आम्ही हट्टाने घालून घेतला. दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींचे पुढे काय, हा तो विषय. एकदोन जुन्या कार्यकर्त्यांनी नाक मुरडले. हे काम शाळामास्तरांचे, त्यात आपण कशाला पडायचे, असे त्यांचे म्हणणे. त्यांना आम्ही एवढेच सांगितले, की "जमीन विकू का?" असे विचारायला जे आमच्याकडे येतात त्यांची कारणे एकदा ऐका. मुलीचे लग्न असते, दवाखाना असतो, आणि अलीकडे तिसरे कारण ऐकू येते, 'पोराचं ॲडमिशन'. कल्याण, अंबरनाथ, भिवंडी या तालुक्यांत गुंठ्याचा भाव विचारणारा माणूस बारा महिने बांधावर उभाच असतो. पण जून महिना आला की त्याच्या फेऱ्या वाढतात.

का वाढतात ते समजून घ्या. आपले भात दिवाळीच्या आगेमागे कापले जाते, झोडणी होते, खरेदी केंद्रावर जाते आणि पैसा हाती येता येता पौष उजाडतो. त्यातून सोसायटी भागवायची, दुकानदाराची उधारी फेडायची, एखादे लग्नकार्य उरकायचे. चैत्र-वैशाखापर्यंत डबा रिकामा. आणि कॉलेजची फी मागतात कधी? जून-जुलैत. बियाणे, खत, आवणीची मजुरी, घर शाकारणे, सगळे एकाच वेळी अंगावर आलेले असते तेव्हा. नोकरदाराचा पगार बाराही महिने एक तारखेला येतो. प्रवेशाचे वेळापत्रक ज्याने कोणी आखले त्याच्या डोळ्यांपुढे तो पगार होता, आपले खळे नव्हते.

आता जरा आपल्या मापाने हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. एखाद्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी वर्षाला एक लाख रुपये आहे असे धरा. जास्तही असते, कमीही असते, हिशेबापुरती लाख धरू. लाख रुपये म्हणजे ४२ क्विंटल भात. एकरी १५ क्विंटल उतारा धरला तर जवळजवळ तीन एकरांचे सगळे भात, नांगरणी-खत-मजुरीचा एक रुपयाही वजा न करता. घरात खायला काही ठेवायचे नाही आणि असे चार वर्षे ओळीने करायचे. आमच्या जिल्ह्यात किती जणांकडे सलग तीन एकर खाचर आहे? तेव्हा शेतीच्या उत्पन्नातून पूर्ण फी भरून पोर शिकवीन, असे म्हणणारा शेतकरी एकतर हिशेब करत नाही किंवा त्याने मनातल्या मनात जमीन विकलेली असते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. रयतेकडून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेच्या पोरांना साधी शाळाही नीट मिळत नाही, ही त्यातली तक्रार. तिला सव्वाशेच्या वर वर्षे झाली. आज निदान एवढा फरक आहे, की आपल्या पोरांच्या नावाने सरकारी तिजोरीत पैसा काढून ठेवलेला आहे. फी माफीचा आहे, वसतिगृहाचा आहे, व्याजाचा आहे. तो आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि जिथे पोचत नाही तिथे बहुतेक वेळा एखादा कागद आडवा आलेला असतो. म्हणून आज योजनांची यादी वाचण्यापेक्षा कागदांवर जास्त बोलणार आहोत. ऐकायला कंटाळवाणे आहे, पण ऐका.

एका घरात काय झाले ते सांगतो. मुरबाडकडचे कुणबी घर. मुलगी हुशार, बारावी विज्ञान, सीईटीला चांगले गुण. ओबीसीच्या जागेवर सरकारी प्रवेश फेरीतून इंजिनिअरिंगला जागा लागली. जातीचा दाखला होता, जातपडताळणीचे प्रमाणपत्र नव्हते. अर्ज केला होता, पण उशिरा, आणि आजोबांचा पुरावा जोडलेला नव्हता. मुदत संपली, राखीव जागा गेली, खुल्या यादीत नंबर लागेना. बाप घाबरला. कोणीतरी सांगितले, संस्थेच्या कोट्यातून जागा मिळवून देतो. बापाने वरकसच्या वीस गुंठ्यांचा विसार घेतला आणि त्या पैशाने पोरीची जागा घेतली. त्यानंतर तो आमच्याकडे आला, फी माफीचा अर्ज कसा भरायचा ते विचारायला. आम्ही त्याला काय सांगणार? संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला फी माफी नाही. ती सरकारी फेरीतून, ज्याला कॅप म्हणतात त्यातून, आलेल्यालाच मिळते. म्हणजे पडताळणीचा एक कागद वेळेवर नाही, म्हणून जागा गेली, जागेबरोबर माफी गेली आणि माफीबरोबर वीस गुंठे गेले. आजोबांचे नाव जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात होते. शाळा त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ते रजिस्टर उघडायला कोणी गेले नव्हते, इतकेच.

आता आपण सगळे राब भाजणारे लोक. पाला, कवळं, शेण राबावर कधी पसरतो? उन्हाळ्यात. पाऊस पडायला लागल्यावर कोणी राब भाजतो का? ओला पाला पेटत नाही. राब झाला नाही तर रोप नाही, रोप नाही तर आवणी कशाची करणार? पण पोरांच्या दाखल्यांच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. निकाल लागला की सेवा केंद्रावर रांग लावतो. त्या आठवड्यात सगळा तालुका तिथे उभा असतो, सर्व्हर बंद असतो, आणि दलाल झाडाखाली बसून दाखल्याचा भाव सांगत असतो. पोर अकरावीत गेले की त्याच दिवाळीत कागदांचा राब भाजायला घ्या.

त्यातला सर्वांत वेळखाऊ कागद जातपडताळणीचा. मागासवर्गीय, विमुक्त-भटके, ओबीसी या सर्वांना व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेसाठी तो लागतो. त्यात मुख्य प्रश्न पुराव्याच्या तारखेचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा, वडिलांकडच्या नात्यातला, जातीची नोंद असलेला कागद शोधायचा. आपल्या जिल्ह्यातले आगरी, कुणबी हे ओबीसी, म्हणजे १९६७ च्या आधीचा कागद हवा. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर बघा. गेले नसतील तर तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. यालाच आपले म्हातारे कोतवाल बुक म्हणत. त्यात जन्ममृत्यूची नोंद जातीसह सापडते. आजोबांची नाही सापडली तर चुलत आजोबांची बघा, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात नाते दाखवता येते. चुलत्याच्या किंवा चुलत भावाच्या नावाने आधीच पडताळणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र फार मोलाचे. आमचा अनुभव असा, की भाऊबंदकीचा वाद असलेल्या घरात हे प्रमाणपत्र चुलता देत नाही. बांधाचा वाद बांधावर ठेवा. पोरांच्या पडताळणीत तो आणू नका.

वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांची पडताळणी वेगळ्या समितीकडे होते, कोकण विभागाची समिती ठाण्याला आहे. तिथे वेळ जास्त लागतो, म्हणून या घरांनी अर्ज अकरावीतच टाकावा. कॉलेजचे पत्र लागते, ते मागायला पोराने स्वतः जावे. "मुदत वाढवून मिळते," असे कोणीतरी नेहमी सांगते. काही वर्षी मिळाली आहे, हे खरे. पण पाऊस उशिरा येतो म्हणून कोणी पेरणी पुढे ढकलून झोपत नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा. तो ३१ मार्चला संपतो. जानेवारीत काढलेला दाखला जुलैत चालत नाही. आम्ही स्वतः कृषी पदवीला असताना एका वर्षाची शिष्यवृत्ती याच कारणाने घालवली. दाखला मागच्या वर्षाचा होता. कचेरीतल्या माणसाने तो ठेवून घेतला, काही बोलला नाही आणि मार्च महिन्यात फाईल परत आली. ते वर्ष निभावले ते आईने शेतातल्या वालाचे पैसे जूनपर्यंत डब्यात ठेवले होते म्हणून. वाल फाल्गुनात निघतो, त्याचा पैसा हाती आला की खर्च होतोच. तिने कसा राखला, तिचे तिला माहीत. तेव्हा हा दाखला एप्रिल लागल्याबरोबर नवा काढा.

ओबीसी, विमुक्त-भटके यांना नॉन-क्रिमिलेअरचा दाखलाही लागतो. त्याची मर्यादा आठ लाख रुपये. पण लक्षात ठेवा, या दाखल्यासाठी उत्पन्न मोजताना शेतीचे उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. कुणाचा मुलगा रेल्वेत आहे आणि चार एकर जमीन आहे म्हणून दाखला नाकारला तर नियम दाखवायला सांगा. फी माफीसाठी जे आठ लाख बघतात ते मात्र घरातले सगळे उत्पन्न. हे दोन हिशेब वेगळे आहेत, आणि ते सेवा केंद्रातल्या पोरालाही पुष्कळदा माहीत नसते.

या कागदांसाठी स्टॅम्पपेपर आणा म्हणतील. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ सालापासून माफ आहे. २०२५ साली महसूल खात्याने पुन्हा बजावले, की विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र चालते. तरी पाचशेचा स्टॅम्प विकणारा बाहेर बसलेला असतो. आणि अर्ज दिल्यावर पोच घ्या. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली झाला. त्याप्रमाणे दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेले आहे, आणि दिला नाही तर वर अपील आहे. हातात पोच असेल तरच अपील करता येते.

आणखी एक बारीक गोष्ट, पण हिने फार पोरांचे पैसे अडवलेत. आधार कार्डावर नाव एक, दहावीच्या गुणपत्रकावर दुसरे, बँकेत तिसरे. कुठे 'बाळू', कुठे 'बाळकृष्ण', कुठे आडनाव आधी. दहावीचे गुणपत्रक प्रमाण धरा आणि बाकी सगळे त्याच्याबरहुकूम करून घ्या. पोराचे खाते त्याच्या स्वतःच्या नावाचे हवे आणि ते आधारशी जोडलेले हवे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडले गेले असे नाही. शिष्यवृत्ती कोणत्या खात्यात येणार ते बँकेत विचारून खात्री करा. एकाच पोराची दोन-तीन खाती असतात, पैसा भलत्याच खात्यात जातो आणि पोर वर्षभर कॉलेजच्या खिडकीवर भांडत बसते.

आता प्रवेशाकडे येऊ. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून साऱ्या महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पद्धतीने सुरू झाला. पूर्वी हे महानगरांपुरते होते, त्यामुळे मुरबाड-शहापूरच्या घरांना ते नवे आहे. दहापर्यंत कॉलेजांची पसंती भरता येते. यात मेख अशी, की पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते. घेतले नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून पोर बाहेर पडते. म्हणून मित्राने भरले म्हणून ठाण्याचे किंवा डोंबिवलीचे कॉलेज पहिल्या नंबरावर टाकू नका. खर्डी-आसनगावच्या पोराला रोज किती वाजता लोकल पकडावी लागेल, कॉलेज सकाळचे आहे की दुपारचे, हे आधी बघा. मुरबाडला तर रेल्वेच नाही, सगळा भार एसटीवर. एसटीच्या विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. पण पहिली गाडी चुकली की पहिला तास बुडतो, याला कोणता पास उपयोगाचा?

कल्याण-डोंबिवलीत एक नवा धंदा निघाला आहे. क्लासवाला सांगतो, अकरावी-बारावी आमच्याकडे करा, कॉलेजला जायची गरज नाही, हजेरीचे आम्ही बघतो. दोन वर्षांची फी ऐकली तर बैलजोडी येईल. आमचे स्पष्ट मत आहे, की ज्या पोराने प्रयोगशाळेत पाय ठेवला नाही त्याला विज्ञान शिकवले म्हणणे ही फसवणूक आहे. कोणाला पटो न पटो.

बारावीनंतर साधी पदवी, म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सी करायची असेल तर मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी आधी करायची आणि मग प्रत्येक कॉलेजात वेगळा अर्ज. नुसती नोंदणी करून घरी बसणारी पोरे दर वर्षी भेटतात. बीएमएस, बीबीए, बीसीए यांना २०२४ पासून सीईटी आली. त्यानंतर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तेच विषय बीकॉमच्या नावाखाली सीईटीशिवाय ठेवले. तेव्हा पदवीच्या कागदावर नक्की कोणते नाव येणार ते विचारून घ्या. अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी यांच्या फीमध्ये मोठा फरक असतो, एकाच इमारतीत, कधी एकाच वर्गात. अर्ज करताना अनुदानित तुकडी आधी लिहा.

इंजिनिअरिंग, फार्मसी आणि आमची शेती, या तिन्हींना एमएचटी-सीईटी लागते. तिची नोंदणी हिवाळ्यातच सुरू होते. बारावीची परीक्षा झाल्यावर बघू म्हणणारा तिथेच संपला. शेतीची पदवी घ्यायची असेल तर आपल्याला जवळचे विद्यापीठ दापोलीचे, १९७२ साली झालेले. राहुरी, अकोला, परभणी ही बाकीची तीन. सरकारी कृषी महाविद्यालयाची फी खाजगीच्या मानाने कमी. शेतकऱ्याच्या पोराला सातबाऱ्यावर जादा गुण देण्याची पद्धत या प्रवेशात चालत आलेली आहे, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत तिचा नियम वाचून सातबारा आधीच काढून ठेवा. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल तर वारसनोंद आजच टाका. आम्हाला विचाराल तर शेतीची पदवी घेतलेल्या सगळ्यांना नोकरी लागते असे नाही. आम्हालाही लागली नव्हती, म्हणून तर तुमच्यासमोर उभे आहोत. पण पोराला खरोखर गोडी असेल तर पाठवा, फक्त बँकेची परीक्षा द्यायला पदवी हवी म्हणून पाठवू नका.

फीच्या योजना आता थोडक्यात. सगळे अर्ज महाडीबीटीवर, दर वर्षी नव्याने. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे पुढे आपोआप येईल, असे नाही. खुल्या वर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या घरांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी मिळते. आपल्या मापाने एकवीस क्विंटल भात वाचले. मुलींसाठी त्याहून मोठी गोष्ट झाली आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी वर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. बेचाळीस क्विंटल भात एका कागदावर वाचले. त्यात विकास निधी, वसतिगृह, मेस नाही, ते आपल्याला भरावे लागते. तरी ज्या घरात अजून म्हणतात, की पोरगी परक्याची, तिच्यावर कशाला खर्च, त्यांना आम्ही म्हणू, की आता तर खर्चाचे निमित्तही राहिले नाही. माफीला पात्र असलेल्या पोरीकडून पूर्ण फी आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, असे कॉलेज म्हणाले तर ते लेखी मागा. लेखी मागितले की पुष्कळदा सूर बदलतो.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून. वसतिगृहात किंवा भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणून डोंबिवलीला मावशीच्या घरी पोटमाळ्यावर राहणाऱ्या पोराला तो मिळत नाही. मावशीचे जेवण मात्र सरकारी मेसपेक्षा बरे असते, तेही हिशेबात धरा. आदिवासी मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम् योजना आहे. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या मोठ्या शहरांत शिकणाऱ्याला जेवण, भाडे आणि इतर खर्च मिळून वर्षाला साठ हजार रुपये खात्यात देण्याची ती योजना. त्यासाठी शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात विचारा. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर या योजनेचे नावसुद्धा पुष्कळांनी ऐकलेले नाही. त्या वाड्यांवर आपण जातो ते आवणीला मजूर विचारायला. या वर्षी जाताना ही माहितीही घेऊन जा.

एवढे करूनही पैसा कमी पडला तर कर्ज. इथे आपल्या लोकांचा गोंधळ असा होतो, की ते पीककर्ज उचलून फी भरतात. हे करू नका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्यावर येते. फीमध्ये घातलेला पैसा भातातून मुदतीत परत येत नाही, कर्ज थकते, सवलत जाते, पुढच्या वर्षीचे कर्जही जाते. शिक्षणासाठी शैक्षणिक कर्जच घ्या. ते पोराच्या नावावर, पालक सहकर्जदार. चार लाखांपर्यंत तारण मागायचे नाही अशी बँकांची पद्धत आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी आहे, म्हणून बँकेचा साहेब साडेसात लाखांच्या आत सातबारा मागू लागला तर त्याला या हमीची आठवण करून द्या. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना शिकत असेपर्यंतच्या आणि पुढच्या एका वर्षाच्या व्याजाची सवलत आहे. ती मान्यताप्राप्त संस्थांच्या व्यावसायिक-तांत्रिक अभ्यासक्रमांना. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, त्यात देशातल्या निवडक वरच्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही नाहीत, आणि आठ लाखांच्या आतल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सवलत आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, ते आधी बघा, एजंटाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. ओबीसी महामंडळाची व्याज परताव्याची योजना वेगळी आहे. कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मीच्या संकेतस्थळावर करा, म्हणजे कधी दिला, कोणत्या शाखेत पडून आहे, याची नोंद राहते.

ज्यांना समृद्धी महामार्गाचा मोबदला मिळाला त्या गावांतले लोक इथे बसले आहेत. तो पैसा कुठे गेला, हे आम्ही विचारणार नाही, गावात गाड्या दिसतातच. ज्यांचा मोबदला अजून यायचा आहे त्यांना मात्र सांगतो, की पोराच्या शिक्षणापुरती रक्कम वेगळ्या ठेवीत, पोराच्या जूनकडे मुदत बघून ठेवा.

आणि देणगीचे. प्रवेशासाठी देणगी घेणे हा या राज्यात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. खाजगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. तिच्याहून एक रुपया जास्त मागितला तर पावती मागा. प्रवेश घेतला आणि नंतर दुसरीकडे चांगली जागा लागली तर मूळ कागद अडवून ठेवण्याचा कॉलेजला अधिकार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना आहे, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी सोडले तर जास्तीत जास्त पाच हजार कापून बाकी फी परत द्यायची. पोरे हे मागायला घाबरतात. त्यांच्याबरोबर आपण जाऊ, मोर्चा नको, चार माणसे पुरतात.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. आजोबांच्या शाळेचा उतारा मिळाला असेल तो, नसेल तर आजोबांचे पूर्ण नाव आणि ते ज्या गावात जन्मले त्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून आणा. पोराचे दहावीचे गुणपत्रक, आधार आणि बँकेचे पासबुक, तिन्हींवरचे नाव समोरासमोर धरून बघू. दोन निवृत्त शिक्षक मागच्या खोलीत बसायला तयार झाले आहेत. ज्यांच्या मुली अकरावी-बारावीत आहेत त्यांनी आधी यावे, बाकीच्यांनी नंतर. आता भाताच्या खरेदीचा विषय घेऊ, केंद्रावर काट्याला किती धरतात ते ज्यांना सांगायचे आहे त्यांनी पुढे या.